ताशी दहा किलोमीटर

३ मार्च, सकाळी ७
तलावाच्या नोटीस बोर्डावर कागद लागलाय. मोटरबोटींना ताशी दहा किलोमीटरची मर्यादा घालायची का, यावर २३ तारखेला क्लबात चर्चा आणि मतदान. दहाने बोट चालवायची तर घरी बाथटबात बसलेलं काय वाईट. आम्ही बोटवाले अकरा. नेता हवा. कुणी तसं म्हटलं नाही, पण माझ्याशिवाय आहे कोण.

४ मार्च
बायको आणि माझी मोठी बहीण रोज तलावात पोहतात. बायको म्हणाली, तुमच्या बोटीच्या लाटेने काल नाकातोंडात पाणी गेलं. तिला लाटांचं शास्त्र समजावलं. ती मधेच उठून टॉवेल वाळत घालायला गेली. पटलं असावं.

९ मार्च
भाषण तयार. वीस मिनिटं. माझ्या चष्म्याच्या दुकानात प्रॅक्टिस केली. डोळे तपासायला आलेल्या बाईंनी मशीनवर हनुवटी टेकवून सगळं ऐकलं. शेवटी तर डोळे मिटून. इतकी एकाग्रता हल्ली दिसत नाही.

१६ मार्च, दुपारी
वेग किती सुरक्षित असतो हे प्रत्यक्ष दाखवायला क्लबच्या अध्यक्षांना बोटीतून फिरवलं. पहिल्याच वळणावर त्यांचा चष्मा तलावात गेला. त्यामुळे पुढचं त्यांना काही दिसलं नाही. प्लॅन चांगला होता.

१९ मार्च
अध्यक्षांना नवा चष्मा करून दिला. नंबर चुकलाय म्हणतात. सवय व्हायला वेळ लागतो. मत मात्र मलाच देणार, चेहऱ्यावर दिसत होतं.

२३ मार्च, संध्याकाळी
वीसची पस्तीस मिनिटं झाली. लोक उभे राहून ऐकत होते. काही दारापर्यंत गेले होते.
मग बायको उठली. ती बोलणार हे मला माहीत नव्हतं. तू विचारलंस कधी, असं ताई नंतर म्हणाली.
बायको एवढंच बोलली: "बोटीचा आवाज आला की मी पोहणं थांबवते आणि हात वर करते, मी दिसावी म्हणून. बाकीचे वेग कमी करतात. ह्यांनी अजून एकदाही बघितलेलं नाही."
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मर्यादेच्या बाजूने त्रेपन्न मतं. त्यात बाकीचे दहा बोटवालेही. विरोधात एक. तो हात माझा. उत्तर द्यायला वर केला होता, सुचलं काही नाही, खाली घ्यायचा राहून गेला.

२४ मार्च, सकाळी ८
दहाने बोट चालवली. पाण्यात दोन टोप्या लांबूनच दिसल्या. इंजिन बंद केलं. बायको जवळ आली, बोटीची कड धरून दम घेतला. बरं वाटलं. थोडक्यात, चर्चेचा निकाल माझ्या मनासारखाच लागला.
उद्यापासून मीही पोहायला यायचं, असं दोघींनी ठरवलंय. मला पोहता येत नाही हे कुणाला माहीत नाही, अशी माझी समजूत होती. ताईने कमरेला बांधायचा फुगा आणून ठेवलाय. गुलाबी.