मला विचारून काढा

३ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं शेवटचं पत्र येऊन महिना होऊन गेला. फोन कर म्हणशील. पण फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि दुकानात गिऱ्हाईक शिरलं की मला अर्ध्यात सोडून देतोस. पत्र तरी तुला शेवटपर्यंत वाचावं लागतं.

इथे मास्कची सक्ती उठली. समोरचा दुकानदार तो हनुवटीखाली लटकवून बसतो, ना धड वर, ना धड खाली. पाळणाघरात मात्र घोडं अडलंय. निम्मे आईबाप म्हणतात, मावशी, काढा आता. निम्मे म्हणतात, एवढ्यात नको. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, म्हणजे मास्ककडेच.

माझा स्वतःचा कल काढण्याकडे आहे, आणि त्याला कारण आमचा मौनीबाबा. हे नाव मीच ठेवलंय. अडीच वर्षांचा झाला, पण तोंडातून शब्द नाही. कान ठणठणीत आहेत, हाक मारली की वळतो. मुलांच्या डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितलं की बोलणाऱ्या माणसांची तोंडं त्याला भरपूर दिसू देत. आता आई-बाप दोघंही कामाला. पोरगं सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याकडे, आणि माझं तोंड कापडाआड. मी गाणं म्हणते तेव्हा तो माझ्या कपाळाकडे बघत बसतो, जसा काही आवाज तिथूनच येतोय. हसू येतं, आणि मी आणखी मोठ्याने गाते.

बरं, दुसरी गोष्ट. मे महिन्यात आठवडाभर पाळणाघर बंद ठेवणार आहे. तेव्हा तुम्ही दोघं या. बंद व्हायच्या एक दिवस आधी आलात तर माझी पलटणही बघाल. आपली भेट होऊन दोन वर्षं उलटली. तुझ्या बायकोचे, माझ्या नकाशेवालीचे सांधे कसे आहेत? तिला म्हणावं, माझ्या अंगणात खाट टाकून ठेवते, दिवसभर लोळ.

माझ्यावरची माया आहे तशी ठेव आणि उत्तराला महिना लावू नकोस.

तुझी,
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं. फोन मध्येच ठेवतो हे मान्य. पण डोळ्यांचा नंबर काढताना एका हातात भिंग असतं आणि दुसऱ्यात फोन, मग गिऱ्हाइकाला ‘ताई’ म्हटलं जातं.

मास्कचं म्हणशील तर तू घाई करतेयस. सक्ती उठली म्हणजे आजार उठून गेला असं नाही. माझ्या दुकानात रोज लोक येतात, काचांवर वाफ धरते म्हणून मास्क खाली ओढतात आणि माझ्या नाकाशी नाक आणून तक्ता वाचतात. मी मागे सरकतो, ते पुढे सरकतात. शेवटी पाठ भिंतीला लागते.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो. सांध्यांच्या औषधाने हिची प्रतिकारशक्ती दबलेली असते. गेल्या वर्षी हिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं तेव्हा काय झालं ते तू लांबून ऐकलंस, मी जवळून बघितलं. आता तू सतरा शेंबड्या पोरांत उघड्या तोंडाने वावरणार आणि आम्ही तुझ्याकडे राहायला यायचं, हे जमणार नाही. तू मास्क ठेवणार असशील तर मेमध्ये येतो. काढणार असशील तर पुढच्या वर्षी बघू. राग मानू नकोस.

हिचंही तेच मत आहे, आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. हिच्या ऑफिसातून कामावर परत या म्हणून बोलावणं आलंय, पण ती आता नोकरी सोडणारच आहे. तिलाही दगदग नको वाटते.

माझ्यावर रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भाऊ

१३ एप्रिल

चि. भाऊ आणि चि. सौ. नकाशेवाली, उभयतांस अनेक आशीर्वाद.

हे पत्र दोघांना मिळून लिहिते, कारण ठरवलंतही दोघांनी मिळून.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुझी भीती मला कळते. तुम्ही येऊन जाईपर्यंत मी मास्क काढत नाही. मौनीबाबाच्या आईला तसं सांगून टाकलं. तिने बरं म्हटलं आणि दारात उगाच त्याच्या बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधला. महिन्याभराचा तर प्रश्न आहे. पोर कुठे पळून जात नाही.

नकाशेवाले, तू नोकरी सोडतेस हे वाचून मात्र चुटपुट लागली. तुझ्या हातची नकाशातली रेघ बघून जमीनमोजणीचे साहेब गप्प होतात असं हाच मला सांगायचा. पण तुझ्या जिवापुढे नोकरी काय मोठी.

या लवकर. तोवर आठवण काढत राहा, मी काढतेच.

ताई

१८ एप्रिल

ती. वन्संना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी फोडलं. दोघांच्या नावाने होतं म्हणून फोडलं, आणि बरं झालं. पहिल्या ओळीलाच अडकले. दोघांनी मिळून ठरवलं ते काय, हे मला तुमच्याकडून कळलं. मग तुमचं आधीचं पत्रही शोधून वाचलं.

वन्सं, मी काहीच ठरवलेलं नाही. मला कुणी विचारलेलंच नाही. दोन वर्षांत या घरात जे जे ठरलं ते माझ्या नावावर ठरलं. दूध कुणी आणायचं, पाहुणे कुणी यायचे नाहीत, खिडकी कुठली उघडायची, सगळं ‘हिच्यासाठी’. आता तुमचं पाळणाघरही माझ्या नावावर जमा झालं. त्या मुलाला तुमचं तोंड दिसत नाही ते माझ्यामुळे, हे वाचून मला जेवण गेलं नाही.

यांची काळजी मला दिसत नाही असं समजू नका. दुकानात दिवसभर लोकांच्या तोंडाशी काम म्हणून हे घरातही मास्क लावतात. झोपायला बाहेरच्या खोलीत. जेवतात तेही तिकडेच, माझ्याकडे पाठ करून. जेवताना तेवढा मास्क निघतो, म्हणजे मला दिसते ती मान. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माणूस इतका जीव लावतो तेव्हा तक्रार करायला तोंड राहत नाही.

तुमच्या पत्राने तोंड फुटलं. परवा मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. दरवेळी हे बरोबर असतात आणि प्रश्न हेच विचारतात. या वेळी मी विचारले. डॉक्टर म्हणाले, तुमच्या लसी झाल्यात, तब्येत स्थिर आहे, जोखीम शून्य नाही, पण घरात कोंडून घ्यायची गरजही नाही. गर्दीत आणि बंद खोलीत तुम्ही स्वतः चांगला घट्ट बसणारा मास्क वापरा, खिडकीजवळ बसा, ताप आला तर त्याच दिवशी मला कळवा. मी विचारलं, आणि बाकीच्यांनी? ते म्हणाले, जवळ बसणाऱ्याला घालायला सांगा, आजारी असेल त्याला लांब ठेवा, पण सगळ्या गावाची तोंडं तुमच्यासाठी बंद करता येणार नाहीत.

घरी येऊन यांना दोन गोष्टी सांगितल्या. सोमवारपासून मी ऑफिसात जाणार. आणि मेमध्ये वन्संकडे जाणार, तुम्ही आलात तर तुमच्यासह. हे तेव्हापासून एकच काच पुसतायत.

तेव्हा माझी विनंती अशी की मास्क तुम्हाला काढायचा असेल तर काढा, ठेवायचा असेल तर ठेवा, पण माझं नाव घेऊन ठेवू नका. आणि पुढे कधी माझ्यासाठी काही ठरवायचं झालं तर आधी मला विचारा. मी आल्यावर माझ्याजवळ बसताना घाला म्हणाले तर घालालच, हे मी धरून चालते.

जास्त बोलले असेन तर धाकटी समजून पोटात घाला.

तुमची,
नकाशेवाली

२६ एप्रिल

चि. सौ. नकाशेवालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मी स्वतःवर चिडले. मी तरी कुठे विचारलं तुला? तुझ्या सांध्यांची चौकशीसुद्धा त्याच्याकडे केली. पुढच्या वेळी चूक झाली तर कान धर.

मग मी काढला. सगळ्या आईबापांना बोलावलं आणि सांगितलं की मी काढतेय, ज्यांना आपल्या पोराजवळ मी मास्क लावलेला हवा त्यांनी सांगावं, त्या पोराला घेताना लावीन. एका बाळाच्या आईने सांगितलं, तिच्या घरी आजारी म्हातारी आहे. त्या बाळाला मी लावूनच घेते. सगळ्या खिडक्या सताड उघड्या असतात.

मला वाटलं होतं, पोरं टाळ्या पिटतील. कसलं काय! दारातच रडारड. आवाज मावशीचा आणि तोंड भलतंच! एक पोरगी मला घरी जा म्हणाली. मौनीबाबा तर कपाटामागे जाऊन बसला, खाऊ दाखवला तरी येईना. मी न्हाणीघरातल्या आरशात जाऊन बघितलं, खरंच एवढी भयंकर दिसते का? जरा दिसते. गाल ओघळलेत, ओठाच्या दोन्ही बाजूंना रेघा पडल्यात. दोन वर्षं बाईने तोंड झाकलं की म्हातारपण आतल्या आत येऊन बसतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी निवळलं. आता मौनीबाबा समोर बसतो आणि माझ्या तोंडाकडे असा रोखून बघतो, जसा तुझा नवरा लोकांच्या डोळ्यांत बघतो. काल मी ओठ मिटून फुर्र केलं तर त्याने फुर्र केलं. माझ्या चष्म्यावर थुंकी उडाली. शब्द नाही अजून, पण मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

तुझी खाट अंगणात टाकलीय. तू येशील तेव्हा तुझ्याशेजारी कुणी कसं बसायचं ते तू सांगशील.

सोमवारचं काय झालं ते सविस्तर लिही. तुझा माझ्यावर जीव आहे तसा राहू दे.

ताई

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ही म्हणाली, सोमवारचं तुम्हीच लिहा. म्हणून लिहितो.

मी दुकान उघडलं नाही. हिच्या ऑफिससमोर रस्त्यापलीकडे बाक आहे, तिथे जाऊन बसलो. हिचं टेबल पहिल्या मजल्यावर खिडकीशी आहे. आल्याबरोबर हिने खिडकी उघडायला घेतली. ती अडकलेली होती. मला वाटलं, धावत वर जावं. तेवढ्यात हिने पट्टीने फटीतली घाण काढली आणि एक धक्का दिला. खिडकी उघडली आणि मी दिसलो. हिने लांबूनच मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. म्हणजे दुकानाची वेळ झाली, निघा. मी निघालो.

ताई, तुला मी लिहिलं की आम्ही दोघांनी ठरवलं. ठरवलं मीच होतं. का, ते सांगतो. हिला हॉस्पिटलात नेलं तेव्हा घाईत चष्मा उशीजवळ राहिला. हिचा नंबर एवढा मोठा की चष्म्याशिवाय समोर कोण उभं आहे ते कळत नाही. मी चष्मा घेऊन दारात गेलो तर आत काही नेता येणार नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. रोज डबी खिशात. ही आत, डोळ्यांपुढे नुसता धूर, येणारं प्रत्येक माणूस झाकलेलं. आणि दुसऱ्यांना चष्मे करून देणारा नवरा हिचा चष्मा खिशात घेऊन फाटकाबाहेर उभा. शेवटी एका नर्सबाईने हळूच नेला. तेव्हापासून माझी ही अशी रीत झाली. माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी सोडायचं नाही, बास.

परवा हिला हे पहिल्यांदा सांगितलं. ही म्हणाली, “मी आत होते तेव्हा मला दिसत नव्हतं. आता मला दिसतंय. आता तरी मला बघू द्या.”

बारा तारखेला येतो आहोत. मी मास्क लावूनच असेन. तू चेष्टा करशील, ती कर. धाकटा म्हणून चालवून घे.

तुझा,
भाऊ

२४ मे

ती. वन्संना,
शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोहोचलो. ताप नाही, खोकला नाही. आज डॉक्टरांना फोन करून तेही सांगितलं, मीच.

तुमच्याकडचे दिवस कसे गेले कळलंच नाही. अंगणात मी मोकळ्या तोंडाने बसले आणि तुम्ही सगळ्यांनी मी न सांगताच हातभर अंतर ठेवलंत, ते मी बघितलं. एक गोष्ट मात्र तुम्ही बघितली नाहीत, ती सांगते. पहिल्या दिवशी तुम्ही आत दूध कोमट करत होतात. मी मास्क लावून पोरांच्या खोलीत बसले होते. तुमचा मौनीबाबा दारातून आला, यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सरळ माझ्या मांडीवर येऊन बसला. परक्या माणसाला तो भितो असं तुम्ही म्हणाला होतात. मला वाटतं, त्याला मी जुन्या ओळखीतली वाटले. त्याने आपली सगळी माणसं आधी अशीच पाहिली ना.

मग त्याने बोट घालून माझा मास्क खाली ओढला. हे खुर्चीतून अर्धवट उठले. मी काही घाई केली नाही. त्याला तोंड बघू दिलं, एकदा फुर्र करून दाखवलं, मग मास्क वर चढवून नाकावर नीट दाबून घेतला आणि त्याचं बोट हातात धरून ठेवलं. हे उभेच होते. मग सावकाश खाली बसले. परतीच्या गाडीत एका बाईंनी मला अजून कशाला हो घालता म्हणून विचारलं. एरवी यांनी तिला औषधांची नावं ऐकवली असती. या वेळी हे खिडकीबाहेर बघत राहिले. उत्तर मी दिलं.

घरी पोहोचल्यावर मी स्वयंपाकघरात होते. हे दारात येऊन उभे राहिले, आत येईनात. मग म्हणाले, “घरात मी काढू का गं?”

मी लगेच हो म्हटलं नाही. खरंच विचार केला. मी म्हटलं, दुकानात ठेवा, गाडीत ठेवा, घसा खवखवला तर घरातही लावा आणि बाहेरच्या खोलीत झोपा. बाकी वेळ काढा. हे मान हलवत ऐकत होते. मग काढला. मिशी पुरती पांढरी झालीय हो, वन्सं! एका गालावर मास्कच्या दोरीचा वळ आहे, तो आता जातो की नाही कोण जाणे.

आता आम्ही एका टेबलावर बसतो, समोरासमोर. चहा पिताना हे केवढा आवाज करतात ते मी साफ विसरले होते. पहिला घोट घेतला की भांड्यावरची झाकणी हलते. काल सांगणारच होते की जरा हळू प्या. तोंडापर्यंत आलं होतं.

मग म्हटलं, एवढ्यात नको. आणखी चार दिवस ऐकू.

मुलाची खबर कळवत राहा. आणि लोभ मागायची मला आता गरज वाटत नाही, तरी मागते.

तुमची,
नकाशेवाली