उष्टं पाणी

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचे! सामानवाल्यांनी कपाटाचा पाय मोडला, त्यावरून नवरोबांनी दिवसभर तोंड फुगवलं, आणि आमच्या भिंगरीने नव्या घरातल्या सगळ्या खोल्या पळत पालथ्या घालून गुडघा फोडून घेतला. सहा वर्षांची आहे. खरं नाव वेगळं, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. भोकाड पसरलं, नाका-डोळ्यांतून गंगायमुना वाहिल्या, आणि खोक्यात बाहुली सापडताच सगळं विसरली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनोरा दिसतो. भोवती आरसेच आरसे, सगळं ऊन त्याच्या डोक्यावर फेकणारे. पाण्यापासून हायड्रोजन काढणारा कारखाना! इतकी वर्षं प्रयोगशाळेत मी जे काचेच्या नळ्यांत केलं, ते इथे इमारतीएवढ्या उंचीवर चालतं. मला आत्ताच धावत जावंसं वाटतंय. नवरोबांचं म्हणणं, आधी निदान भांडी तरी काढ.

मंगळवार, ५ मार्च

मी तिथे काय करणार, असं भिंगरीने विचारलं. सांगितलं, पाणी, आयोडीन आणि गंधकाचा वायू एकत्र आणले की दोन आम्लं होतात. एक तापवलं की हायड्रोजन सुटतो. दुसरं भट्टी लालबुंद होईपर्यंत तापवलं की ऑक्सिजन. आयोडीन आणि गंधक पुन्हा मोकळे होतात आणि पुन्हा कामाला लागतात. संपतं ते फक्त पाणी. म्हणजे तो मनोरा नुसतं पाणी पितो, असा तिने निकाल दिला. मी म्हटलं, अगदी बरोबर.

इथली एक गंमत. नव्या माणसाने पहिल्या दिवशी घरून पाणी न्यायचं, घरातल्या कुणीतरी घोट घेऊन उष्टं केलेलं, आणि मनोऱ्याखालच्या टाकीत ओतायचं. मुख्य अभियंता, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, त्यांनी हे फोनवर हसत हसत सांगितलं होतं. घोट घ्यायला भिंगरीशिवाय कोण पुढे येणार? मी ओतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पाळीतला जोडीदार वॉल्व्हदादा तेवढा, पाणी कोणी उष्टं केलं ते विचारून, तोंड फिरवून निघून गेला. खडूस दिसतोय.

शुक्रवार, ८ मार्च

काम झकास आहे. आयोडीनने बोटं तपकिरी झालीत आणि नवरोबा मला जेवताना हात पुन्हा धुवायला लावतात.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जितकं पाणी आत जातं, त्यातून निघायला हवा त्यापेक्षा जास्त हायड्रोजन बाहेर येतोय. थोडासाच, पण जास्त. मापकं पुन्हा पुन्हा तपासली, ठणठणीत आहेत. बाईंना सांगितलं तर त्या खूश! गेले काही महिने कारखाना रडतखडत चालला होता म्हणे, हा माझा पायगुण. मी पायगुण मानत नाही. आणि हिशेब जुळला नाही की मला घास गोड लागत नाही.

भिंगरी सारखं पाणी मागते. ऊन वाढलंय.

मंगळवार, १२ मार्च

आज ती पायरीवरून पडली. मोठ्याने रडली, पण डोळे कोरडे. मी गाल चाचपून पाहिले. कोरडे ठक्क.

खिडकीच्या काचेवर फुंकर मारून ती बोटाने चित्रं काढते, हा तिचा आवडता खेळ. आज फुंकर मारत राहिली. काचेवर काहीच उमटलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली की काच बिघडली.

डॉक्टरांना सगळं ठीक दिसतं. भरपूर पाणी द्या, म्हणाले. अहो, दिवसभर तेच तर देतेय! जातं कुठे?

रविवार, १७ मार्च

सुट्टी होती, तरी गेले. घरात बसवेना. पंप दुरुस्तीसाठी पाण्याचा वॉल्व्ह बंद होता. टाकी रिकामी. मी स्वतः झाकण उघडून हात घातला.

हायड्रोजन येतच होता.

घरी धावत आले. भिंगरी नळाखाली तोंड धरून बसली होती. तिला उचललं. अंगातून वजन कुणी काढून घेतल्यासारखी लागली.

बुधवार, २० मार्च

पाणी कोणी उष्टं केलं हे त्या दिवशी विचारणाऱ्या वॉल्व्हदादाला गाठलंच. जिन्याखाली उभा राहून तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. तो नवा होता तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने घोट घेतला होता. भाऊ हिवाळ्यात गेला. शेवटी कागदासारखा झाला होता. आणि मग कारखाना मंदावला, म्हणून नवं माणूस हवं होतं. म्हणजे मी.

पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, म्हणून मी त्याची कॉलर धरली. तो म्हणाला की सांगणार कोण, सगळ्यांनीच कुणी ना कुणी दिलंय.

सुटका एकच. त्याच घरातल्या दुसऱ्याचं उष्टं टाकीत गेलं की पहिलं माणूस सुटतं. त्याला स्वतःचं ओतायचा धीर झाला नाही.

गुरुवार, २१ मार्च

विश्वास ठेवणार नाही. मी शिकलेली बाई आहे. घोटभर पाण्यात असतं तरी काय —

बाईंच्या खोलीत गेले. नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, इतका स्वस्त हायड्रोजन कुठेच निघत नाही, एका माणसामागे किती घरं उजळतात याचा विचार करा. दूर निघून गेलात तरी उपयोग नाही, हेही समजावलं. त्यांनी आपली आई दिली होती. आवाज जराही हलला नाही.

मी टेबलावरचं सगळं भिरकावलं. बाहेर येऊन सगळ्या आरशांची तोंडं मनोऱ्यापासून दुसरीकडे फिरवली. निवू दे, फुटू दे, मरू दे त्याला.

शुक्रवार, २२ मार्च

चूक. फार मोठी चूक. थंड पडला की तो जास्त ओढतो —

भिंगरीचे ओठ भेगाळलेत. जीभ हलत नाही. पापण्या मिटताना आवाज होतो. मला ऐकू येतो तो.

आरसे परत फिरवायला मीच गेले. माझ्या हातांनी.

शनिवार, २३ मार्च

सकाळी ओट्यापाशी उभं राहून एक घोट घेतला. उरलेलं नेलं. ओतलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

भीती वाटली नाही असं लिहिणार होते. खोटं कशाला? वाटली.

रविवार, २४ मार्च

सुटली! माझी बाय सुटली. वेणी ओढली म्हणून रडली, टपोरे थेंब. मी ते बोटाने पुसले आणि वेड्यासारखी हसले.

मला तहान. नुसती तहान.

नवरोबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की मी ओततो. त्यांना लेकीची शपथ घातली. हे इथेच थांबायला हवं. माझ्यापाशी. दाराआड भिंगरी उभी होती — किती ऐकलं कोण जाणे —

सोमवार, २५ मार्च

बोटांची कातडी सुटतेय. पेन धरवत नाही. उजेड टोचतो.

दोघं बाहेर गेलेत. औषध आणतो म्हणाले. कसलं औषध —

दुपार. तोंडात काहीतरी — ओलं. थुंकी. गालावरून काही ओघळलं. चाटून पाहिलं. खारट.

माझ्या डोळ्यांत पाणी आलंय. म्हणजे कुणीतरी —

नवरोबा, शपथ घातली होती मी —

दार वाजलं. आले. रडतायत. ते रडतायत, डोळे वाहतायत. मग —

भिंगरी त्यांच्या कडेवर. म्हणते, बाबांचे हात थरथरत होते, म्हणून मीच प्यायले आणि मीच ओतलं. शाबासकी मागतेय. डोळे कोरडे.

मांडीवर घेतलंय. माझी आसवं तिच्या गालावर पडतात आणि तिथल्या तिथे जिरतात. पडली की जिरतात. ओठ जरा ओले झाले का? मी रडतच राहिले, थांबलेच नाही, तर कदाचित तिला —