रानीचं दूध गोड झालं

४ फेब्रुवारी, सकाळी
पोट माझं, अन् डॉक्टर बोलून राहिला सुनेसोबत. दुर्गेश्वरीले म्हणे, दुधात साखर असते, ती तोडणारं एन्झाइम म्हातारपणी पोटात कमी होते. दूध पिलं की गुडगुड, मग संडास. मी सांगितलं, माझ्या म्हशीच्या दुधात मी साखर टाकतच नाही. तो हसला. डॉक्टरनं हसू नये.
राम राम, नवी वही.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
धर्मेंद्र म्हणते रानी विकू. घरात दूध पिणारी मी एकटी. "तुले पचतच नाही, तर म्हैस पाळाची कायले?" पोटचा पोरगा असं बोलते. मी म्हटलं, आठ दिवस दे. रोज गिलासभर पिऊन दाखवीन. आठव्या दिवशी सगळ्यांसमोर. पोट बिघडलं तर ने रानीले.
पोट बिघडते ते दुर्गेश्वरीच्या लाखोळीच्या डाळीनं.

५ फेब्रुवारी
तीनदा संडासात गेली. डाळच. धर्मेंद्रले सांगितलं, नळ गळते का पाहून राहिली.

६ फेब्रुवारी
डाळ बंद. दोनदा गेली. म्हणजे वांगे. दुर्गेश्वरी मेडिकलात जाऊन आली. डोकं दुखत असन.

८ फेब्रुवारी
आता दुर्गेश्वरी रातचं दूध फ्रिजात ठेवते, सकाळी गरम करून देते. पोट गप्प. दूध गोड लागलं. साखर टाकली काय, विचारलं. नाही म्हणे. खरंच असन, साखरेच्या बाबतीत ती कंजूष आहे.

९ फेब्रुवारी
पुन्हा गोड. कारण सापडलं. तीन दिवसांपासून रानीले चारा मीच टाकून राहिली. हाताचा गुण.

१० फेब्रुवारी
शेजारच्या निर्मलाबाईले लोटाभर ताजं दूध पाठवलं. म्हणते, नेहमीसारखंच आहे. तिची जीभ गेली. बाकी फुलचूर गावात सगळ्यांले मीच सांगून आली, माझ्या हातानं रानीचं दूध गोड झालं.

१२ फेब्रुवारी, सकाळी ८
आठवा दिवस. अंगणात धर्मेंद्र, निर्मलाबाई, आणखी चार बाया. दुर्गेश्वरी फ्रिजातलं दूध घेऊन आली. मी म्हटलं, ठेव ते, लोक म्हणतील सुनेनं पाणी मिसळलं. सगळ्यांसमोर धार काढली, तिथंच गिलासभर पिली. दुर्गेश्वरी "आई, नका" करून राहिली होती. जळते.
गोड नव्हतं.

दुपारी १
पाचदा. निर्मलाबाई उठाचं नाव घेत नाही.

संध्याकाळी
दुर्गेश्वरीनं डब्यामागून बोटाएवढी शिशी काढली. रोज राती दुधात सहा थेंब टाके. पोटात नाही ते एन्झाइम शिशीत आहे. साखर भांड्यातच तुटते, अन् तुटली की जास्त गोड लागते. मले काऊन नाही सांगितलं, विचारलं. म्हणे, "सांगितलं असतं तर पिल्या असत्या काय?"
नसती पिली.
धर्मेंद्रले तिनंच सांगितलं, रानी कुठं जात नाही, थेंब मी टाकीन. तो उठून रानीले चारा टाकाले गेला. माझ्या सांगण्यानं कधी जात नाही.
उद्या फुलचुरात कोणी विचारलं, रानीचं दूध गोड कसं झालं, तर उत्तर दुर्गेश्वरीनं द्याचं. मले कोणी विचारू नये.