नावामागचे सौ.

॥ श्री ॥
सातारा, ता. ५ सप्टेंबर १९४४

ती. माईस,
धाकट्या बहिणीचा, चारूचा शि. सा. न. वि. वि. गणपती पोचवले, घर रिकामे वाटते.

उंब्रजकडच्या शाळेतून माझा अर्ज परत आला. वर तांबड्या पेन्सिलीने लिहिलेले, की शाळेत सर्व खुशाल, लहानांस आशीर्वाद पोचले. मला आधी उमगेना. मग माझाच अर्ज वाचला. सवयीने मी हेडमास्तरांना तुला लिहिते तसेच लिहिले होते, वडिलांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, मध्ये दोन पाने रडगाणे! हसू नकोस.

आता इथल्या एका मुलींच्या शाळेत बाई हव्या आहेत. लोणंदहून भावोजींचे पत्र आहे की दिवाळी होताच ही खोली सोडायची, सासूबाईंसह आम्ही मायलेकींनी त्यांच्याकडे राहायचे. जाऊबाईंनी त्याच पत्राखाली कळवले आहे की विजूला चौथी पुरे झाली, घरात कामाला हात हवेत. माझे काय व्हायचे ते होवो, पण पोरीची शाळा सुटेल. तिकडची, विजूच्या बाबांची, खबर नाहीच. सिंगापूर पडल्यापासून पलटणीच्या ऑफिसातून तेच छापील उत्तर येते, बेपत्ता. अर्ज कसा लिहावा ते सांग.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी चारू


॥ श्री गजानन प्रसन्न ॥
सांगली, ता. ८ सप्टेंबर

सौ. चारुलतेस,
माईचे अनेक आशीर्वाद. मी हसले नाही. इकडे वाचून दाखवले तेव्हा मात्र इकडून पोटभर हसणे झाले.

अर्ज म्हणजे जमाखर्चाचे पान समज. जमेची बाजू आधी. पहिल्या ओळीत कोणती जागा आणि जाहिरात कुठे वाचलीस ते. मग मॅट्रिक, गणितातले मार्क, आळीतल्या मुली शिकवतेस त्यातल्या दोघी यंदा सातवी पास झाल्या ते. दाखल्यांच्या नकला जोड. दुःख लिहू नकोस. ते खरे आहे गं, पण ते प्रत्येक अर्जात असते. तुझे गणित तुझ्या एकटीच्या अर्जात असेल.

एका पानात आटप. पाठकोरा कागद वापरू नकोस, तेवढी काटकसर इथे नको. हल्ली कागद मिळत नाही. माझ्याकडे एकच कोरा फुलस्केप होता तो घडी करून पाठवते. आधी पाटीवर लिही, मग उतरव. खोडाखोड अजिबात नको. गणपतीला दूर्वा वाहीन.

सासूबाईंस नमस्कार, विजूस गोड पापा.
अनसूया


॥ श्री ॥
सातारा, ता. २१ सप्टेंबर

ती. माईस,
चारूचा शि. सा. न. वि. वि. बोलावणे आले, जाऊन आले. सेक्रेटरी म्हणाले की आलेल्यांत तुमचाच अर्ज अर्जासारखा आहे. तुझेच कौतुक ते. मग त्यांनी सहीवर बोट ठेवले. सौ. चारुलता हरी असे मी लिहिले आहे. सवाष्ण बाईला नेमायचे तर नवऱ्याचे संमतिपत्र लागते, असा त्यांचा नियम. विधवांना लागत नाही. बेपत्ता असा रकानाच नाही म्हणाले. माणूस वाईट नाही. त्यांनी टाक पुढे केला आणि सांगितले की सोमवारी कमिटी आहे, तोवर सौ.चे गं. भा. केलेत तर जागा तुमची. मी हात मागे घेतला.

शिपाई अर्जुना फाटकापर्यंत आला. म्हणाला, आमचा भाऊ बी तिकडंच हाय बाई, वैनी अजून कुक्कू लावती, पर तिला कुनी कागदावर इचारलं न्हाई.

सासूबाईंना सांगितले. त्यांनी देवाकडे तोंड फिरवले आणि माळ ओढत राहिल्या. माई, उलट टपालाने कळव.
चारू


॥ श्री ॥
सांगली, ता. २३ सप्टेंबर

सौ. चारूस,
आशीर्वाद. पत्र आत्ता मिळाले, देवळातून आले तशीच लिहिते. काही खोडू नकोस. निराळ्या कागदावर विनंती लिही की पतीच्या जागी सासूबाईंची संमती धरावी, आणि पलटणीचे उत्तर जोड. मजकूर मागे लिहून दिला आहे, तसाच्या तसा उतरव. कमिटीत माणसे असतील, नुसता नियम नसेल.
अनसूया


॥ श्री ॥
सातारा, ता. ३० सप्टेंबर

ती. माईस,
नमस्कार. तुझे पत्र मंगळवारी आले. कमिटी सोमवारी होऊन गेली होती.

तू खोडू नकोस म्हणाली होतीस. एकच अक्षर खोडले. बाकी कागद स्वच्छ आहे.

त्या रात्री ते सासूबाईंना सांगितले. सकाळी मी करंडा घ्यायला गेले तर कोनाड्यात नव्हता. त्यांनी तो देवांच्या मागे ठेवला होता. शाळेतल्या बायका याच आळीत राहतात, म्हणाल्या, कागदावर एक आणि कपाळावर एक असे चालायचे नाही. मुलाचे नाव त्यांनी घेतले नाही. दसऱ्याला समोरच्या शालूबाई कुंकू घेऊन आल्या, माझ्याकडे बघून उंबऱ्यावरूनच परतल्या. विजूने विचारले, बाबांचे पत्र आले का. मी नाही म्हटले. तेवढे खरे बोलले.

नेमणूक झाली. भावोजींना येत नाही म्हणून कळवले. विजूचे नाव शाळेत राहिले.

पुढच्या पत्रावर माझ्या नावामागे काय लिहायचे, ते तूच ठरव.
चारुलता


॥ श्री ॥
सांगली, ता. ३ ऑक्टोबर

चि. चारूस,
माईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या लग्नाआधी लिहीत असे तेच लिहिले आहे. हरिभाऊंची खबर येईतो हेच लिहीन, मग ती काहीही येवो.

हेही आधी पाटीवर लिहून पाहिले. पाटी तीनदा पुसली. कागदावर काही खोडलेले नाही.
तुझी माई