व्यर्थतेला चाळीस शब्द

३ जून, सकाळी ७
वीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आता लिहायचं. आमच्याकडे छापायला आलेल्या बायबलच्या शब्दकोशातल्या एका लेखकाने ऐन वेळी अंग काढून घेतलं, आणि संपादकांनी मला विचारलं, बाई, एक नोंद कराल का? शब्द ग्रीक: मताइओतेस. म्हणजे व्यर्थता. चाळीस शब्दांत. मुदत तीस जून. पहिल्या पानावर लेखकांच्या यादीत माझं नाव. आजवर ते फक्त लग्नपत्रिकेत छापलं गेलंय.
रविवारी उरकते.

५ जून
नव्या करारात हा शब्द फक्त तीनदा येतो. म्हणजे कामच नाही. नवरा म्हणाला, अर्थ एका शब्दात सांगितलास की, आता एकोणचाळीस कशाला? त्याला संशोधन कळत नाही. टेबल खिडकीपाशी नेलं.

९ जून, रविवार
टेबल परत भिंतीपाशी. खिडकीतून फार दिसतं.

१२ जून
आधी ग्रीक मुळाक्षरं शिकावीत. पायाच कच्चा नको. चोवीसपैकी अकरा आली.

१३ जून
नऊ.

१५ जून
मोठा शोध. रिकामं वेगळं, व्यर्थ वेगळं. छापखान्यात चहाच्या वेळी, कोशाची पानं जुळवणाऱ्या डीटीपीवालीला समजावलं: रिकाम्या कपात काही नसतंच. पण कुणासाठी तरी काठोकाठ भरलेला कप त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, तर तो मताइओतेस. ती म्हणाली, ताई, हेच लिहा ना. मी हसले. कोशात कप शोभत नाही. तिने मात्र टिपून घेतलं. शिकायची हौस आहे बिचारीला.
बोलण्याच्या नादात माझा चहा निवला.

२० जून
खर्डा तयार! एकशे नव्वद शब्द. किरकोळ काटछाट बाकी. लाल पेन काढलं.

२४ जून
चौथं वाचन. 'कदाचित' काढलं. 'निश्चितच' पण काढलं. सदतीस शब्द उरले. थांबायला हरकत नव्हती, पण 'म्हणजे' डोळ्यांत खुपत होता.

२९ जून
नववं वाचन. उरलं ते असं: मताइओतेस. आणि पूर्णविराम.
नवऱ्याला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाला, चूक एकही नाही.

३० जून
संपादकांचा फोन. अंतिम टप्पा चालू आहे म्हटलं. ते म्हणाले, अहो बाई, मागच्या सोमवारीही तोच चालू होता.

४ जुलै
फोन बंद ठेवला आहे. बॅटरीला विश्रांती हवी.

१६ जुलै
कोशाची पहिली सोळा पानं शेवटच्या वाचनाला आली. लेखकांच्या यादीत तळाशी माझं नाव. बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग स्वतःला विचारलं, दिलंस काय तू? मूळ प्रतीत हे नाव नाही. कुणाच्या तरी हातून चुकून पडलं असणार. लाल पेनाने काट मारली. वीस वर्षांतली सर्वांत प्रामाणिक काट. पानं लगेच छपाईला पाठवली. घरी येताना ताठ मानेने चालले.

१९ जुलै
पान २१७. माझी नोंद तिथे आहे. कप आहे, काठोकाठ आहे, पोचला नाही हेही आहे. एकोणतीस शब्द. लाल पेन घेऊन तीनदा वाचली. काढण्यासारखं काही सापडलं नाही.
डीटीपीवालीला विचारलं. ती म्हणाली, जागा रिकामी जात होती, म्हणून संपादकांना तुमचं चहावरचं बोलणं दाखवलं. ते म्हणाले, शब्द बाईंचे, तर यादीत नावही बाईंचंच घाल. मग घातलं. तुम्ही का काढलंत, ताई?
मी म्हटलं, परत घालता येईल का? म्हणाली, ती पानं परवाच छापून झाली.
मग ती उठून चहा घेऊन आली. म्हणाली, आता एक शब्द बोलू नका, आधी घ्या.
घेतला. जीभ भाजली. पण पोचला.