सत्तावीस तारखेची गटारी

१२ जुलै, शनिवार
ठरलं. यंदाची गटारी आपल्याकडे, मुलुंडला. बारा माणसं. थीम मालवणी, ड्रेस कोड लुंगी. दोन वर्षांपूर्वी गोरेगावला दादाकडे मी एवढंच म्हणालो होतो की वनमालावहिनींचा रस्सा पातळ आहे. खरं तेच बोललो. तेव्हापासून दादा बोलत नाही. सख्खा मोठा भाऊ, आणि रश्शावरून! आता माझं मटण खाऊ दे, तोंड आपोआप उघडेल. सॉरी म्हणायचा प्रश्नच येत नाही.

१३ जुलै, रविवार
अमावास्या गुरुवारी, २४ ला. गुरुवारी अर्धं खानदान खात नाही. आदल्या रविवारी मला ऑफिसचं स्टॉक-टेकिंग, मरोळला. म्हणून सरळ पुढचा रविवार, २७. ह्याला म्हणतात प्लॅनिंग. नमिता म्हणाली, अहो, सत्तावीसचं जरा बघा ना. म्हटलं, कॅलेंडर मी बघतो, तू नारळ बघ. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी बायकोचा नवऱ्यावर विश्वास नाही.

१४ जुलै, सोमवार
ग्रुपवर आमंत्रण टाकलं. कुणी हूं की चूं नाही. फक्त सौरभ, माझा शाळेपासूनचा दोस्त, विचारतो, नक्की २७ ना? म्हटलं, वाचता येतं ना तुला? म्हणतो, येतो यार, पण जेवणार नाही. मग काय लुंगी दाखवायला येतोयस? डोकं फिरलं.
दुपारी दादाचा मेसेज. "येतो." दोन वर्षांत पहिलाच शब्द. चार वेळा वाचला.

२३ जुलै, बुधवार
अख्ख्या बिल्डिंगभर मटणाचा वास. लोकांना दम म्हणून नाही. चार दिवस कळ काढवत नाही. शेजारच्या शकुने वाटीभर पाठवलं. नमिता म्हणाली, खाऊन घ्या हो, ऐका माझं. हात लावला नाही. आपली भूक रविवारसाठी राखीव.

२४ जुलै, गुरुवार
नमिताने दिवे पुजले, पुरणाची दिंडं केली. चार खाल्ली. तिने विचारलं, आईंना दिलेला शब्द लक्षात आहे ना? विचारायची पद्धत बघा! आई गेली तेव्हा तिचा हात धरून सांगितलंय, श्रावणात मटण-मासे तोंडाला लावणार नाही. मी कडक पाळतो. दादासारखं नाही, त्याला म्हणे केकमधलं अंडं चालतं. म्हटलं, लागू तर दे श्रावण, मग बघ. ती माझ्याकडे बघतच राहिली. कौतुकाने असावं.

२५ जुलै, शुक्रवार
संताप संताप. ऑफिसातून येतो तर मटणाचं मोठं पातेलं माळ्यावर, ओटा घासून लख्ख, सुक्या जवळ्याची बरणी बांधून बाल्कनीत. पार्टी दोन दिवसांवर आणि हिला साफसफाई सुचते. हा सरळसरळ असहकार आहे. स्टुलावर चढून पातेलं मीच काढलं. गुडघा फुटला. कुणाला काही पडलेली नाही.

२७ जुलै, रविवार, सकाळी ७
मटणाच्या दुकानात चिटपाखरू नाही. रविवार असून! तीन किलो घेतलं, हवे ते पीस. आज नशीब जोरावर आहे.

दुपारी ४
बाराच्या बारा आले. लुंगीत. मी डाव घेऊन उभा, आणि कुणी ताट पुढे करेना. भडकलो. विचारलं, विष घातलंय का मी? तेव्हा दादाने तोंड उघडलं. म्हणाला, चंद्या, परवा खयचो म्हयनो लागलो?
बोटं मोजली. दोनदा.
ओरडलो, एकाला तरी सांगता येत नव्हतं? नमिता शांतपणे म्हणाली, तुम्ही मला नारळ बघायला सांगितलं होतं. मग शकुच्या घरून पातेली आली. वालाचं बिरडं, वरणभात, अळुवडी. म्हणजे सकाळपासून तिकडे शिजत होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. दादाला म्हटलं, माहीत होतं तर आलास कशाला? म्हणाला, तू बोलावलंस म्हणून. बिरडं दोनदा घेतलं त्याने. माझ्या मटणाचं झाकणसुद्धा कुणी उघडलं नाही.

२८ जुलै, सोमवार
श्रावणी सोमवार. उपास. मटण वॉचमन भीमराजने नेलं, त्याच्या घरी श्रावण नसतो. मी थेंबही चाखला नव्हता. शब्द म्हणजे शब्द. सकाळी पातेलं परत आणून दिलं त्याने. म्हणाला, झकास होतं साहेब, फक्त रस्सा जरा पातळ.
नमिताला बजावलं, हे वहिनींना कळता कामा नये.
तिचं ते ग्रुपवर टाकून झालं होतं. पहिला हसरा चेहरा वहिनींचा.