आई रागावेल म्हणून

प्रिय धाकटे,

आधी एवढंच वाच, की लेक सुखरूप आहे. काल दुपारी पोलीस ठाण्यातून फोन आला, तिला फोनवरून छळणारा माणूस सापडला. मी शिलाई मशीन थांबवलं आणि कापडाच्या ढिगावरच बसकण मारली. कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेतला.

तीन आठवड्यांपूर्वी लेकीचं जेवणावरचं मन उडालं. मला वाटलं, परीक्षेची धास्ती असेल. फोनवरच्या शब्दांच्या खेळात तिला एक मैत्रीण भेटली होती. मी तेरा वर्षांची आहे, असं ती सांगायची; खरं तर तो हाच माणूस होता, मुलीचं सोंग घेतलेला. त्या ‘मैत्रिणीने’ आधी शाळेच्या गणवेशातला फोटो मागितला, तो लेकीने पाठवला; मग नको तसला मागितला. लेक नाही म्हणाली, तेव्हा धमकी आली, तुझ्या चेहऱ्याला भलतंच धड जोडून वर्गात सगळ्यांना पाठवीन. बारा वर्षांची पोर एकटी हे गिळत होती गं.

शेवटी ती कोपऱ्यावरच्या वाचनालयातल्या बाईंकडे गेली. ‘फोनवर कुणी घाबरवलं तर मला सांगा, मी रागावणार नाही,’ असा कागद त्यांनी मुलांच्या कपाटावर चिकटवला होता. बाईंनी तिला पाणी दिलं, म्हणाल्या, तुझी काही चूक नाही, आणि एकही मेसेज पुसू नकोस. मग मला बोलावलं. आम्ही तिघी ठाण्यात गेलो. शाळेने पालकांची बैठक घेतली, तेव्हा आणखी दोन मुलींनी तोंड उघडलं. त्यांनाही यानेच छळलं होतं. फोटो कुठेही पसरलेले नाहीत, असं पोलीसबाईंनी मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. आज लेकीने ताट चाटूनपुसून साफ केलं, वर माझ्या ताटातही हात घातला.

तिला विचारलं, माझ्याकडे का नाही आलीस? मान खाली घालून म्हणाली, तू फोन काढून घेतला असतास आणि मलाच बोलली असतीस. खोटं नव्हतं ते. गेल्या वर्षी तू हेच म्हणाली होतीस, इतका धाक ठेवू नकोस, उद्या पोर काही सांगणार नाही. आणि मी फाडकन बोलून गेले, तुला मूलबाळ नाही, तुला काय कळणार. तेव्हापासून ना तुझा फोन, ना माझा. तुला कळत होतं, मलाच कळत नव्हतं. फोनवर हे बोलताना नुसती रडले असते, म्हणून लिहिलं. सुट्टी मिळाली की ये. लेक वाट बघतेय, आणि मीही.

चुकलेली, पण तुझीच,
ताई